‘पाऊस’मधला ‘ऊस’ : शिक्षण आयुक्तांना एका प्राथमिक शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

सादर नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली 24 वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते. माझा तालुका मराठवाड्यातला, ऊसतोड कामगारांचा. दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. काही मुलं आईबापाबरोबर टोळीत जातात, काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मी लिहिते आहे ते माझ्या एका विद्यार्थ्याबद्दल. चार वर्षं तो माझ्यासमोर बसला. त्याला वाचता का येत नव्हतं, हे मला कळलं ते तो माझ्या हातून निघून गेल्यावर.

कविता म्हणायला उभा राहिला की त्याचा आवाज खणखणीत. पुस्तक हातात, बोट ओळीवर. एकदा सहज त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, तर तोंड दुसऱ्या कडव्यात आणि बोट चौथ्या. सगळी कविता ऐकून ऐकून पाठ केलेली. नवा धडा काढला की त्याच्या पोटात दुखायचं. फळा पुसायला, हंडा भरायला, खडू आणायला मात्र सगळ्यांच्या आधी तोच उठायचा. फळ्यावरची ओळ वहीत उतरवताना एका अक्षरासाठी तीनदा मान वर व्हायची आणि तरी ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’ व्हायचा. पेन्सिल इतकी दाबून धरायचा की कागदाला मागून उठाव यायचा.

आणि हाच मुलगा बापाच्या टोळीचा हिशोब तोंडी करायचा. गाडीच्या एका खेपेला दोन टन धरले, वीस दिवस रोज एक खेप, तर किती झाले. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायला अजून किती टन लागतील. मध्ये दोन दिवस पावसाने गेले तर किती. बोटंसुद्धा न मोजता सांगायचा. मी कौतुक करायचे आणि पुढे म्हणायचे, ‘डोकं आहे, पण लक्ष नाही.’ हे वाक्य मी त्याच्या प्रगतिपुस्तकातही लिहिलंय.

एक दिवस वर्गात शब्दातलं अक्षर काढायचा खेळ चालला होता. ‘कागद’मधला ‘का’ काढला तर? ‘गद!’ ‘पाऊस’मधला ‘पा’ काढला तर? सगळा वर्ग ओरडला, ‘ऊस!’ आणि हसला, कारण ऊस म्हणजे आमच्याकडे घरचाच शब्द. तो इतरांच्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला एकट्याला पुन्हा विचारलं. पाऊसमधला पा काढला तर काय राहतं? थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, ‘पाणी.’

मी म्हटलं, ‘अरे, आख्खं बालपण उसात गेलं तुझं आणि तुला ऊस सापडेना?’ वर्ग पुन्हा हसला. तोही हसला. ते हसणं मला आजही दिसतं.

त्याचं उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. तो शब्दाचा अर्थ बघत होता. शब्द हा आवाजांचा बनलेला असतो, ते आवाज सुटे करता येतात आणि एकेका आवाजाला एकेक अक्षर असतं, हे बाकीच्या मुलांना न शिकवताच कळलेलं त्याला कळत नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी एका प्रशिक्षणात मी पहिल्यांदा ऐकलं की वाचन अक्षमतेचं, म्हणजे डिस्लेक्सियाचं, मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. दोष डोळ्यांत नसतो, बुद्धीत नसतो, वळणातही नसतो. तो असतो आवाज सुटे करून ओळखण्यात.

बोलणं मूल आपोआप शिकतं, वाचणं नाही. माणूस लिहायला लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होत नाही. प्रत्येक मुलाला ती स्वतःच्या मेंदूत नव्याने घडवावी लागते. डोळ्यांनी पाहिलेलं ओळखणारे भाग आणि कानांनी ऐकलेले आवाज ओळखणारे भाग, हे मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूचे, सरावाने एकमेकांशी जोडले जातात. काही मुलांत ही जोडणी सहज होत नाही. वाचताना मेंदूच्या प्रतिमा घेतल्या तर या मुलांमध्ये डावीकडचे ते भाग कमी काम करताना दिसतात. घराण्यात ते उतरतं. एका घरात एक असेल तर भावंडांत, काका-मामांत अनेकदा आणखी कोणी सापडतं. पण त्याच अभ्यासांनी हेही दाखवलंय की योग्य पद्धतीने, नेमाने आणि लहान वयात शिकवलं तर मेंदूचं ते काम बदलतं, मूल वाचायला लागतं. माझं सगळं पत्र या शेवटच्या वाक्यासाठी आहे, साहेब.

आपल्या लिपीचंही इथे बोललं पाहिजे. देवनागरी उच्चारानुसार चालते म्हणून मराठीत डिस्लेक्सिया नसतोच, असं मी शिक्षकांच्या तोंडून ऐकलंय. ‘किरण’ हा शब्द घ्या. वेलांटी डोळ्याला आधी दिसते, म्हणायची मात्र ‘क’च्या नंतर. ‘सूर्य’मधला र आधी म्हणायचा आणि लिहायचा ‘य’च्या डोक्यावर. तोच र ‘प्र’मध्ये पायाशी तिरका, ‘ट्र’मध्ये खाली टोपीसारखा, ‘दुसऱ्या’मध्ये आणखी वेगळाच. ‘ख’ जरा सुटा लिहिला की ‘रव’. ज्याचे आवाज आधीच निसटतात त्या मुलाने हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं. बाराखडी पाठ म्हणता येते म्हणजे अक्षरं येतात, असं आपण धरून चालतो. माझ्या त्या मुलाला बाराखडी तालासुरात येत होती.

मग चार वर्षं मला का कळलं नाही? कारण माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. तो टोळीत जातो, पाच-सहा महिने शाळा बुडते, म्हणून वाचता येत नाही. आमच्या भागात हे उत्तर इतकं खरं आहे की त्याच्या आड दुसरं काहीही लपून जातं. त्याची बहीण त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. तीही त्याच टोळीत, फडावरच्या त्याच कोपीत, म्हणजे झोपडीत, तेवढेच महिने. ती परत आली की पंधरा दिवसांत मागचं भरून काढायची आणि दुसरीतच वर्तमानपत्राचे मथळे वाचायची. दोघं एकाच वेळी माझ्या शाळेत होती. ही तुलना मला तेव्हाच करता आली असती. मी केली नाही.

ते 2017 साल. त्याआधी दोन वर्षं प्रत्येक मूल शिकावं म्हणून शासनाचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झालेला. हेतू चांगलाच होता आणि त्यामुळे कितीतरी शाळा हलल्या, हे मी मनापासून मानते. पण प्रत्येक शाळेला शंभर टक्के प्रगत व्हायचं होतं. शंभर टक्क्यांच्या यादीत न वाचणाऱ्या मुलाला जागा नसते. मी त्याच्याकडून ओळखीचा उतारा पाठ करून घेतला, तो त्याने म्हटला आणि मी त्याच्या नावापुढे ‘प्रगत’ लिहिलं. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. तो अप्रगत राहिला तर ते माझं अपयश दिसेल, एवढंच माझ्या मनात होतं.

त्याने आठवीत शाळा सोडली. दोन वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर भेटला. उंच झालेला, मिशी फुटलेली, आता स्वतः कोयता धरतो. वाकून नमस्कार केला. मग समोरच्या गाडीच्या पाटीकडे बघत मला विचारलं, ‘बाई, ही गाडी कुठली?’

1896 सालच्या नोव्हेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. हुशार मुलगा, खेळात पटाईत, पण वाचता येत नाही. त्याच्या शिक्षकांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यांत हुशार मुलगा ठरला असता. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मास्तरांना दिसलेलं मला दिसलं नव्हतं.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1996 मध्ये, आपल्या राज्याने अध्ययन अक्षम, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात अशी अडचण असलेल्या, मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. देशात हे करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. जादा वेळ, लेखनिक, विषयात पर्याय.  2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तर 21 प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला नावानिशी जागा दिली. मुलांमधली ही अडचण लवकरात लवकर ओळखा, त्याप्रमाणे शिकवण्याची पद्धत बदला, दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करा, परीक्षेत जादा वेळ द्या, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्या, असं त्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

पण प्रत्यक्षात हा विषय आपल्याकडे दहावीला सुरू होतो. नववी संपता संपता पालक प्रमाणपत्राच्या मागे लागतात. ज्यांना कळतं ते लागतात; शहरातले, इंग्रजी माध्यमातले, फी भरून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ शकणारे. दहावीच्या तीन तासांसाठी त्या मुलाला मदत मिळते, आणि ती मिळायलाच हवी, तिच्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. पण त्याआधीची नऊ वर्षं त्याने वर्गात कशी काढली? लेखनिक पेपर लिहून देईल. एसटीची पाटी कोण वाचून देणार? आणि माझ्या तालुक्यातली अशी मुलं दहावीपर्यंत पोचतच नाहीत.

अशी मुलं थोडी नाहीत. वेगवेगळ्या भाषांमधल्या अभ्यासांवरून शाळकरी मुलांत हे प्रमाण 5 ते 15 टक्के धरलं जातं. तीस मुलांच्या वर्गात खालच्या अंदाजानेही एक-दोन. मी 24 वर्षं शिकवलं म्हणजे माझ्या हाताखालून अशी किती गेली असतील, ते मोजायला मी अनेकदा बसले आणि मध्येच उठले.

त्यातली एक मात्र गेली नाही. 2022 च्या जूनमध्ये एक मुलगी तिसरीत आली. तोच पाठ म्हणायचा आवाज, तेच भलत्या ओळीवरचं बोट. या वेळी मी घाई केली नाही. पुस्तक बाजूला ठेवलं. पहिले दोन महिने आम्ही वाचलंच नाही, फक्त ऐकलं. टाळ्या वाजवत शब्द तोडायचे. कि-र-ण, तीन टाळ्या. चिंचोके मांडायचे, एका आवाजाला एक, आणि एक उचलला की काय राहिलं ते सांगायचं. मग परातीत रेती घेऊन बोटाने अक्षर काढायचं, काढताना मोठ्याने म्हणायचं. काना-मात्रा नसलेले शब्द पक्के होईपर्यंत पुढे जायचं नाही. मग एकच काना, पुरे पंधरा दिवस. वेलांटी मी लाल खडूने काढायचे आणि तिला सांगायचे, लाल दिसलं की थांब, आधी अक्षर म्हण. रोज 35 मिनिटं, परिपाठाच्या आधी, ती आणि तिच्यासारखे आणखी दोघं. तिची आई आजीला तिच्याजवळ ठेवून गेली म्हणून ती हंगामभर माझ्यापाशी राहिली. चिंचोके उचलता उचलता ‘ऊस’ तिला सापडला तो ऑगस्टात. फेब्रुवारीत तिने शाळेच्या भिंतीवरची सूचना न अडखळता वाचली. आजही ती हळूच वाचते, शुद्धलेखनात चुकते. पण अनोळखी पान समोर आलं की आता तिच्या पोटात दुखत नाही.

तिचं प्रमाणपत्र काढण्यासाठी मी आणि तिची आजी सरकारी रुग्णालयात तीन खेपा घातल्या. एकदा तज्ज्ञ रजेवर, एकदा चाचणीचं साहित्य नाही, तिसऱ्यांदा पुढची तारीख. आजीच्या मजुरीचे तीन दिवस बुडाले. चौथ्यांदा जाऊ या, असं मला तिला म्हणवेना. मात्र या अनुभवातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली : शिकवायला प्रमाणपत्र लागत नाही. केंद्र शासनाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तपासणी तिसरीपासून किंवा वयाच्या आठव्या वर्षापासून सांगितली आहे, कारण त्याआधी निदान पक्कं होत नाही. ठीक आहे. पण पहिली-दुसरीत शंका आली तर टाळ्या आणि चिंचोके सुरू करायला कोणाची सही हवी आहे? नुसतं मागे पडलेलं मूल असेल, तर तेही त्यातून पुढेच जाईल.

अंकांबद्दल एक सांगायचं राहिलं. माझा तो पहिला मुलगा हिशोब तोंडी करायचा, पण पंचवीस लिही म्हटलं की 52 लिहायचा. पाच आधी ऐकू येतो, तो आधी लिहिला. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे 29. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीसबरोबर ‘वीस पाच’ असंही वाचन दिलं, तेव्हा केवढं काहूर उठलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या. पंचवीस हा आपला शब्द जाऊ नये, असं मलाही वाटत होतं. पण तो जाणारच नव्हता, दोन्ही होते. त्या वादात सगळ्यांनी भाषेची काळजी केली. मला मात्र वहीतला तो 52 आठवत होता. गणन अक्षमता ही यापेक्षा वेगळी आणि खोल अडचण आहे, संख्येचा अंदाजच न येण्याची; तिच्याबद्दल माझा अनुभव तोकडा आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. चंचल, लक्ष न टिकणाऱ्या मुलांचंही तसंच. त्यांची अडचणही मेंदूतलीच, पण कायद्याच्या 21 प्रकारांत तिचं नाव नाही, आणि वर्गात त्यांच्या वाट्याला फक्त ‘खोडकर’ हा शेरा येतो.

एक धोका मला दिसतो, तो लिहिते. ही तपासणी सुरू झाली की न वाचणाऱ्या प्रत्येक मुलावर अक्षमतेचा शिक्का मारायचा मोह आम्हा शिक्षकांना होईल, कारण त्यात आमची सुटका आहे. नंदुरबारचं भिली बोलणारं मूल, गडचिरोलीचं गोंडी बोलणारं मूल, जतच्या सीमेवरचं घरी कन्नड बोलणारं मूल पुस्तकातली मराठी अडखळत वाचतं, ती अक्षमता नव्हे. टोळीत जाणारं प्रत्येक मूलही अक्षम नाही. तेव्हा फरक कळायला साधन हवं. ते आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी 2015 मध्ये तयार केली, हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही. तिच्यात शिक्षकांनी स्वतः भरायच्या निरीक्षण याद्या आहेत, पहिली-दुसरीसाठी वेगळी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी. मला तिच्याबद्दल कळलं ते एका मैत्रिणीकडून, नोकरीच्या एकविसाव्या वर्षी.

म्हणून माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. दर महिन्याला केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांची शिक्षण परिषद होते. त्यातल्या दोन परिषदा पूर्णपणे या विषयाला द्या, आणि त्यात भाषण नको. यादी कशी भरायची, चिंचोके कसे मांडायचे, हे हातात घेऊन शिकवणारं माणूस पाठवा. वेळापत्रकात रोज अर्धा तास या मुलांसाठी लिहून द्या. परिपाठाआधीचा माझा वेळ मी देईनच, पण ज्या शिक्षिकेचं घर चाळीस किलोमीटरवर आहे तिने काय करावं? ऑनलाइन माहिती आणि मतदार याद्या यांच्यातून तो अर्धा तास वाचवून देणं आपल्याच हातात आहे. विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक असावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलंय. आमच्याकडे येणाऱ्या सरांच्या मोटरसायकलवर आख्खा तालुका आहे. प्रमाणपत्राची शिबिरं तालुक्याला घ्या, तीही टोळ्या गावात असताना, म्हणजे जून ते सप्टेंबर. आणि अहवालांत अशा मुलांसाठी वेगळा रकाना ठेवा. ‘मूल अजून वाचत नाही, शोध चालू आहे’, असं लिहिणाऱ्या शिक्षकाला त्यासाठी नोटीस येणार नाही, एवढा भरवसा द्या. तो रकाना असता तर 2017 मध्ये मी खोटं लिहिलं नसतं, असं मला वाटतं.

भाषेचं ओझंही बघा. पहिलीपासून इंग्रजी 2000 सालापासून आहेच. 2025 मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा निर्णय झाला आणि 29 जूनला तो मागे घेतला गेला, तेव्हा मला हायसं वाटलं. पुढे या विषयावर पुन्हा बैठक बसेल, तेव्हा एक लिपीसुद्धा हाती न लागलेलं मूलही तिथे कोणीतरी आठवावं.

आपल्याकडे अभ्यासात मागे असलेल्या मुलाला ‘ढ’ म्हणतात. ब्राह्मी लिपीपासून हे अक्षर बदललंच नाही, म्हणून तो शब्द आला असं सांगतात. माझ्या वर्गात मी तो बंद केलाय. शिक्षक-कक्षात मात्र तो अजून रोज ऐकू येतो.

यंदा माझ्याकडे तिसरीत 31 मुलं आहेत. दोघांवर माझी नजर आहे. एक जण ‘पाऊस’मधून ‘पा’ काढला की गप्प बसतो, दुसरा अंदाजाने काहीतरी सांगतो. पहिल्याचे आईवडील दसऱ्यानंतर निघणार आहेत आणि त्याला मागे ठेवायला घरात आजी नाही. त्याच्याबरोबर द्यायला मी चिंचोक्यांची एक पिशवी आणि लाल वेलांट्यांची वही तयार करते आहे, कारण फडावर त्याची मोठी बहीण त्याला शिकवेल असं तिने मला कबूल केलंय. ती अकरा वर्षांची आहे. दसऱ्याच्या आत आपल्याकडून एखादा जाणता माणूस माझ्या केंद्रावर आला, तर त्या बहिणीलाही मी समोर बसवीन.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका